मठ किती बुडालाय?

आमच्या घरात पावसाची चौकशी एकाच प्रश्नाने व्हायची. आप्पा सकाळी रंकाळ्यावरून फिरून आले, की आजी चुलीपुढूनच विचारायची, "मठ किती बुडालाय?" आप्पा तोंडाने सांगत नसत. चपला काढता काढता हात कमरेशी न्यायचे, कधी छातीशी, कधी गळ्याशी. आषाढातल्या एखाद्या सकाळी हात डोक्यावर सपाट धरायचे आणि आजी म्हणायची, "मग आता भाताची काळजी मिटली." पंचगंगेला किती फूट पाणी चढलं ते पेपरात छापून यायचं. रंकाळ्याचं माप माझ्या आजोबांच्या अंगावर होतं.

मठ म्हणजे संध्यामठ. शिवाजी पेठेच्या अंगाला, रंकाळ्याच्या पाण्यातच उभा असलेला काळ्या दगडाचा मंडप. शिखर नाही, कळस नाही. जाड दगडी खांब आणि वर सपाट छत, बस. संध्या करण्यासाठी बांधला म्हणून संध्यामठ. पावसाने जोर धरला की तळं चढत जातं आणि मठ खाली खाली बसत जातो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पायथा उघडा पडतो, दगडावर वाळलेल्या शेवाळाच्या रेघा दिसू लागतात आणि पेठेतली पोरं चालत जाऊन त्यावर बसतात. त्याच्या नावाची गल्ली आहे, तरुण मंडळ आहे, फुटबॉलचा संघ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की हजारो माणसं घसा फाटेस्तोवर एका मठाचं नाव घेऊन ओरडतात. दुसऱ्या कुठल्या गावात असं होत असेल, असं मला वाटत नाही.

आप्पांनी हा मठ किती वेळा रंगवला याची मोजदाद कुणीच ठेवली नाही. ते पेंटर होते. कोल्हापुरात पेंटर या शब्दाला मान आहे, कारण बाबूराव मेस्त्रींनी तो आडनावासारखा लावला. पण आप्पांचं पोट दुकानांच्या पाट्यांवर, ट्रकच्या नंबरप्लेटांवर, सिनेमाच्या बॅनरवर आणि शाळांच्या भिंतींवरच्या सुविचारांवर चालायचं. श्रावणात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतींच्या आखणीला जायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. सगळी मूर्ती रंगवून झाली तरी डोळे आखल्याशिवाय ती माती, असं कुंभार म्हणतात, आणि तो शेवटचा ब्रश बरेचदा आप्पांच्या हातात दिला जायचा. सहा दिवस ही कामं. रविवारची सकाळ मात्र मठाची.

मला ते सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. कॅरियरला पाट बांधलेला, त्यावर चिकटपट्टीने ताणून बसवलेला कागद. हँडलला पिशवी, पिशवीत रंगांचा पत्र्याचा डबा, खारीच्या केसांचे दोन ब्रश, जुन्या धोतराचा फडका आणि डालड्याचा रिकामा लहान डबा. पहाटेचं दूध काढून झालेल्या म्हशी धुवायला आणलेल्या असत. गवळ्यांचा आवाज, म्हशींच्या पाठीवरून निथळणारं पाणी, पलीकडे धुण्याच्या चावीवर आपटणाऱ्या कपड्यांचा ठेका. आप्पा काठावर जागा धरायचे आणि मला म्हणायचे, "जा, पाणी आण."

मी डालड्याचा डबा रंकाळ्यात बुडवून आणायची. एकदा विचारलं, घरनं नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं तर? त्यात कचरा नसतो, कागद स्वच्छ राहील. आप्पांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी एखाद्याच्या घरी जेवायला जाताना आपला डबा घेऊन जाऊ या म्हटलं असावं.

"ज्येचं चित्र, त्येचंच पाणी, पोरी."

तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ते वाक्य मला नियमासारखं वाटलं, शुद्धलेखनाच्या नियमासारखं. का, असं विचारावंसं वाटलं नाही.

*

रंकाळ्याच्या गोष्टी मात्र आजीच्या. आजीला चित्रात रस नव्हता, पाण्याखाली काय आहे त्यात होता.

रंकाळा ही मुळात दगडाची खाण, असं ती सांगायची. अंबाबाईचं देऊळ बांधायला दगड इथूनच काढला. मग फार पूर्वी मोठा भूकंप झाला, खाणीला तडा गेला आणि आतून पाणी उसळलं. खाणीत रंकभैरवाचं देऊळ होतं, ते सोन्यानाण्यासकट पाण्यात गेलं. त्या रंकभैरवाचा तो रंकाळा. "आन् मी सांगतो तुला," आजी आवाज खाली आणायची, कोल्हापूरच्या सगळ्या जुन्या बायकांसारखी स्वतःबद्दल 'सांगतो', 'जातो' असंच बोलायची, "ते देऊळ अजून खाली आहे. पाणी नितळ असलं आन् मन नितळ असलं की दिसतंय."

काठावर मोठा नंदी आहे. तो वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. ही गोष्ट कोल्हापुरातल्या प्रत्येक पोराने ऐकलेली असते. मी एका दुपारी गव्हाचा दाणा आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा दाणा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. घनसाळ बुटका तांदूळ. गहू लांब निघाला. म्हणजे नंदी खरंच पुढे येतोय! मी रडत आजीकडे गेले. ती म्हणाली, "येतोय म्हणून तर जाता-येता त्याला हात जोडायचा. ओळखीचं माणूस असलं की दमानं येतंय."

भूगर्भशास्त्र काय म्हणेल ते म्हणो. खाणीचा आणि देवळाचा दगड एकच, ही आजीची गोष्ट आप्पांनी मात्र शब्दशः घेतली होती. ट्यूबमधला काळा ते कधी वापरत नसत. त्या काळ्याने कागदाला भोक पडतं म्हणायचे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत उतरवून ते मठाचा काळा तयार करायचे, आणि कधी अंबाबाईच्या देवळाचं काम आलं तर तिथेही तेच मिश्रण. "एका आईची लेकरं हाईत ती. एकाला येगळा रंग कसा देऊ?"

*

आप्पांचा जन्म १९२२ चा. शाहू महाराज गेले ते साल. लहानपणी मला वाटायचं या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे, इतक्या वेळा ते दोन्ही एका दमात सांगत. पण त्या सालाला जोडलेली तिसरी एक गोष्ट होती आणि आप्पांच्या लेखी तीच सगळ्यात मोठी.

ती आबालाल रहिमान यांची.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात त्या परंपरेच्या उगमाशी हा माणूस उभा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं, आणि मुंबईत नाव काढायचं सोडून गावी परत आला. शाहू महाराजांनी दरबारी आश्रय दिला. पण दरबारात रमला नाही, कोटितीर्थाच्या काठी एकटा राहिला आणि आयुष्यभर पाणीच रंगवत राहिला. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट. आणि हाच, आपला, संध्यामठ. पुन्हा पुन्हा. बाबूराव पेंटरांसारखा माणूस, ज्याने स्वतःच्या हाताने कॅमेरा जुळवून १९२० साली 'सैरंध्री' काढला, तो आबालालांना गुरुस्थानी मानत असे. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत. आप्पा मला तिथे न्यायचे ते चपला हातात घ्यायला लावून. तसा तिथे नियम नव्हता. नियम आप्पांचा होता.

माझ्या पणजोबांनी आबालालांना पाहिलेलं. ते कोटितीर्थाकडच्या वाटेने कामावर जायचे आणि सकाळी जाताना जो माणूस पाण्याकडे तोंड करून बसलेला दिसायचा, तो संध्याकाळी परततानाही तिथेच असायचा. पणजोबांना आधी वाटलं, फकीर आहे. एकदा धीर करून मागे जाऊन पाहिलं तर मांडीवर हातभर कागद, आणि कागदावर समोरचं तळं. पणजोबा आप्पांना सांगायचे, "मागं उभा ऱ्हायलो तर त्यानं वळून बघितलं न्हाई. माझी सावली कागदावर पडली हुती, तर नुसतं म्हणाला, भाई, थोडं उजवीकडं व्हा, ऊन जातंय."

आबालालांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याचं काम पिढीजात होतं, असं म्हातारी माणसं सांगत. बोरूचा तो सराव, एका अक्षराला एका दमात पुरं करण्याचा, त्यांच्या झाडांच्या फांद्यांत दिसतो असं आप्पांचं मत. विलायती रंग परवडेनात तेव्हा पानांचे, दगडांचे, मातीचे रंग स्वतः बनवून वापरले, हीही सांगीवांगीच. यातलं किती खरं, किती प्रेमाने वाढवलेलं, हे वेगळं करण्याच्या फंदात मी पडत नाही. एक गोष्ट उघड आहे. कुराणाच्या घरातला एक मुलगा म्हातारा होईपर्यंत ब्राह्मणांच्या संध्येसाठी बांधलेला मठ रंगवत राहिला, आणि त्यात गावाला काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटू शकलं असतं असा तो काळ होता. संध्या कुणी करायची, वेदमंत्र कुणासाठी म्हणायचे, यावरून याच गावात रण पेटलं होतं. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या छत्रपतींसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो, हे लक्षात आणून दिलं गेलं आणि वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. राजालासुद्धा ज्या पाण्याकाठी मंत्र नाकारला गेला, त्याच गावच्या दुसऱ्या पाण्याकाठी त्याच राजाच्या आश्रयाला असलेला मुसलमान चित्रकार मठासमोर बसून होता. आप्पा जातीने सुतार. संध्येचा अधिकार त्यांच्या वाडवडिलांनाही नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "आबालाल बसला तिथं, म्हणून आमी बसलो."

तर १९२२. त्या वर्षी ६ मे रोजी मुंबईत शाहू महाराज गेले. आणि सांगतात असं, की आबालालांनी दुःखाच्या भरात आपली चित्रं उचलली आणि पाण्यात सोडून दिली. एक नाही, दोन नाही, हजारो. कुणी म्हणतं कोटितीर्थात, कुणी म्हणतं रंकाळ्यात, कुणी म्हणतं पंचगंगेत. आमच्या घरात हा वाद दर वर्षी व्हायचा. आजी पंचगंगेच्या बाजूची, कारण अस्थी तिथेच सोडतात. शेजारचे मास्तर कोटितीर्थ म्हणायचे, कारण म्हातारा राहायचाच तिथे, एवढे गठ्ठे उचलून लांब कशाला नेईल? आप्पांचा कौल वेगळा होता.

"ज्येचं पाणी त्येच्यात सोडलं असंल," आप्पा म्हणायचे. "कोटितीर्थाची कोटितीर्थात, रंकाळ्याची रंकाळ्यात. त्यो काय एकाचं दुसऱ्याच्यात टाकणारा मानूस न्हवता."

मला हे चित्र अजून दिसतं. पाठीवर गठ्ठे घेतलेला एक म्हातारा गावातल्या तिन्ही पाण्यांवर चालत जातोय आणि ज्याचं त्याला परत देतोय. कागद आधी तरंगतो. मग कडेने भिजत आत येतो. मग रंग सुटायला लागतात, कारण जलरंगाला पाणी कधीच परकं होत नाही, वाळून पन्नास वर्षं झाली तरी ओला हात लागला की तो पुन्हा हलतो. निळा आधी जातो की तांबडा, हे मी आप्पांना विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मठ शेवटी जात असंल."

१९३१ च्या डिसेंबरात आबालाल वारले. आप्पा तेव्हा नऊ वर्षांचे.

*

आता आप्पांच्या चित्राविषयी, म्हणजे ते कसं होत असे याविषयी, थोडं सावकाश सांगते. मी पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण जे आलं ते त्या काठावर आलं.

आधी आकाश. कागद ओला करून वरून खाली एकच हलका हात. तो खाली तसाच पाण्यात उतरायचा, मधे थांबायचा नाही. "आभाळ आन् पाणी एका घासात घ्यायचं, मग मधे मठ ठेवायचा." मठाच्या छताची वरची कड, जिथे सकाळचं ऊन पडतं, ती कोरी सोडायची. जलरंगात पांढरा लावत नाहीत, पांढरा राखतात. ही कड राखताना ते श्वास धरायचे. मग खांब. खांबांचा काळा वरून उतरवत आणायचे आणि पाण्याच्या रेषेशी आले की ब्रश उचलून थांबायचे.

ही रेषा त्यांना सगळ्यात महत्त्वाची. "मठ काढायला येतोय कुनालाबी. त्यो बुडलाय कुठवर, ती रेघ काढता याय पायजे."

रेषेखाली प्रतिबिंब. माझ्या तेव्हाच्या वयाच्या पोरांना वाटतं, प्रतिबिंब म्हणजे वरचंच चित्र उलटं. आप्पांनी माझं बोट धरून दाखवलं होतं. काळ्या खांबाचं प्रतिबिंब खांबाहून फिकं असतं. उजळ आकाशाचं प्रतिबिंब आकाशाहून गडद असतं. पाणी दोघांनाही मधे ओढतं. मी एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. खरंच होतं. तेव्हापासून आजतागायत मी कुठल्याही तळ्याकडे पाहिलं की आधी हेच तपासते.

आणि आणखी एक. पाणी खांबाच्या मध्यावर असलं, म्हणजे आप्पांचा हात कमरेशी असला, आणि वारा पडलेला असला, की वरचा अर्धा खांब आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पुरा खांब होतो. जेवढा बुडाला तेवढाच पाणी खालून भरून देतं. वर्षातून असे थोडेच दिवस येतात. श्रावणाच्या आधी कधीतरी, पुन्हा माघात-फाल्गुनात कधीतरी. आप्पा त्या दिवसांची वाट बघायचे. पाट्यांचं काम असलं तरी टाकून जायचे, गिऱ्हाईक बोंबलत बसायचं. आजी चिडायची. पण डबा बांधून द्यायची.

कार्तिकात आणि माघात अंबाबाईचा किरणोत्सव होतो. मावळतं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि देवीच्या पायांवर, मग अंगावर चढतं. सारा गाव देवळात. आप्पा त्या संध्याकाळी रंकाळ्यावर. म्हणायचे, ते ऊन अंबाबाईकडं जायच्या आधी ह्या पाण्यावरनं जातंय. आधी मठाला शिवतंय, मग देवीला. ही चित्रं मात्र त्यांनी कुणाला दिली नाहीत. माझ्याकडे तीन आहेत. तिन्हींत मठ जवळजवळ दिसत नाही, सोनेरी पाण्यात एक जड सावली आहे फक्त.

बाकीची सगळी वाटली. लग्नात आहेर म्हणून, मुंजीत, वास्तुशांतीला. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की आप्पांचा मठ फ्रेम होऊन जाणार हे ठरलेलं. त्यामुळे शिवाजी पेठेतल्या मुली जिथे जिथे नांदायला गेल्या, तिथे तिथे मठ गेला. इचलकरंजी, निपाणी, बेळगाव, पुणे. मागे तारीख असायची, सही पुढे नसायची. या बायका माहेरी आल्या की एकमेकींना विचारायच्या, "तुझा किती बुडलाय?" मे १९७३ चं एक चित्र निपाणीला आहे, त्यात मठाचा पायथा दिसतो आणि कोरड्या चिखलावर म्हशीचे पाय उमटलेत. ज्यांचं लग्न जुलैत झालं त्यांच्या वाट्याला नुसतं छत आणि पाणी. एक आत्या याबद्दल कायम कुरकुरायची. बाकीच्यांना खांब दिले आन् मला नुसतं पत्र्याच्या शेडसारखं! आप्पांनी तिला पुढच्या माघात खांबांचं चित्र करून दिलं. तिने दोन्ही शेजारी शेजारी लावली.

*

नव्वदच्या दशकात पाणी बिघडलं. गावाचं सांडपाणी तळ्यात येत होतं. केंदाळ वाढलं, वास सुटला, आणि पुढे पुढे तर पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरू लागली. आप्पा सत्तरी ओलांडलेले, सायकल सुटली होती, पण रविवार सुटला नव्हता. मी रिक्षाने घेऊन जायची.

एका रविवारी मी डबा बुडवून आणला. त्यांनी ब्रश घातला, कागदावर आकाशाचा पहिला हात दिला आणि थांबले. कागदावर निळ्याऐवजी हिरवट ओघळ होता. त्याला वास होता. त्यांनी डबा नाकाशी नेला, मग खाली ठेवला.

माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती. मी ती काढलीच नाही. आज मला त्याची हळहळ वाटते असं नाही. काढली असती तरी त्यांनी ती वापरली नसती, आणि त्यांना नाही म्हणायला लागलं असतं.

त्यांनी फडक्याने ब्रश पुसले, डबा काठावर ओतला आणि म्हणाले, "चल." त्यानंतर रंकाळ्यावर जात राहिले, चालायला, बसायला. पाट कधी बांधला नाही. घरी बसून आठवणीने किंवा फोटोवरून काढा म्हणणारे पुष्कळ होते. चांगले पैसेही देणारे होते. आप्पा हसून विषय बदलायचे. डोळे आखायला मात्र शेवटपर्यंत गेले, कुंभार गल्लीतली माणसं गाडी घेऊन न्यायला यायची.

तळ्यासाठी पुढे गावाने आवाज उठवला, निधी आले, कामं झाली, पुन्हा बिघडलं, पुन्हा झालं. आज पूर्वीपेक्षा बरं आहे. पण मला त्या पाण्यात डबा बुडवायचं धाडस होत नाही. आप्पा गेल्यानंतर डालड्याचा डबा मी ठेवून घेतला. आतल्या अंगाला रंगाचे वाळलेले कडे आहेत, एकाखाली एक. निळा, तपकिरी, मग निळाच. उन्हाळ्यातल्या मठाच्या खांबावर असतात तसे.

*

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, कुंभार गल्ली बुडाली. गणपती जेमतेम महिन्यावर आलेले. रंगवून ठेवलेल्या मूर्ती पाण्यात विरघळून गेल्या. पाणी ओसरल्यावर आठवड्याभराने त्या गल्लीतल्या एक काकी माझ्याकडे आल्या. आप्पा ज्यांच्याकडे आखणीला जायचे त्या घरातल्या थोरल्या सूनबाई, आता पंच्याहत्तरीच्या. त्यांच्या लग्नातला आप्पांचा मठ गोणपाटात गुंडाळून आणला होता.

चित्र भिंतीवर टांगलेलं, पाणी निम्म्या भिंतीपर्यंत चढलेलं. काचेच्या आत गाळ शिरून वाळला होता. मी खिडकीशी नेऊन पाहिलं. खालचा जवळजवळ निम्मा भाग गेला होता. आप्पांनी काढलेलं पाणी, प्रतिबिंबं, खांबांचे खालचे भाग, सगळं तांबूस गाळात मिसळलेलं. गाळाची वरची कड आडवी, सरळ, कुणी पट्टी लावून ओढावी तशी. तिच्या वर खांब होते, छत होतं, आणि छतावरची कोरी राखलेली उन्हाची कड. ती तशीच पांढरी.

मागे तारीख पाहिली. फेब्रुवारी १९६८. कमरेएवढ्या पाण्याचे दिवस.

मी म्हटलं, "काकी, गाळ हळूहळू निघेल, पण खालचा रंग गेलाय. मला आप्पांसारखं जमायचं नाही, तरी भरून बघू का?"

काकींनी चित्र माझ्या हातातून घेतलं. थोडं लांब धरलं, डोळे बारीक केले.

"आप्पांनी दिलं तवा हितवर हुतं," असं म्हणून त्यांनी हात कमरेशी नेला. मग तोच हात वर आणला, छातीशी, आणि तिथे ठेवला. "आता हितवर आलंय. पावसाळ्यात तसंच असतंय की."

"मग काय करू?"

"काही करू नगं. काच तेवढी नवी बसवून दे."